घरांतील उजेड व त्याची निगा

घरासाठीं दिवा निवडणें ही गोष्ट वरवर पाहतां क्षुल्लक वाटते, आणि म्हणूनच कीं काय, इतिहासाच्या ग्रंथांत तिला क्वचितच जागा मिळते. राजांच्या स्वाऱ्या व तहांच्या तारखा आपण पाठ करतों. परंतु सूर्य मावळल्यावर माणसें किती वेळ जागत, कोणत्या खोलींत बसत, वाचीत कीं नुसत्या गोष्टी सांगत, हें ज्या दिव्यावर अवलंबून होतें त्याची चौकशी आपण करीत नाहीं. आज ही चौकशी करण्यास एक निमित्त मिळालें आहे. प्रत्येक दिव्याचा रंग व तेज निरनिराळें ठरवितां येतें अशा एलईडीच्या पट्ट्या आतां सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आल्या असून, त्यांतली कोणती घ्यावी हा प्रश्न पुष्कळांस पडूं लागला आहे. आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर मागील दिव्यांच्या हकीकतींत बरेंचसें सांपडतें. दिवा निवडणारा मनुष्य प्रत्येक काळीं उजेडाबरोबर त्या उजेडाची निगाहि पत्करीत आला आहे. आणि कोणती निगा आपल्याच्यानें होईल हें ज्यानें आधीं ठरविलें नाहीं, त्याचा दिवा लवकरच माळ्यावर जाऊन पडतो.

विचार मोघम राहूं नये म्हणून आम्ही एक ठिकाण डोळ्यांपुढें ठेवतों. कल्याणहून कर्जतकडे जातांना बदलापूर स्थानक लागतें. त्या शहराच्या वस्तींत आतां मिसळून गेलेलें बेलवली हें तें ठिकाण. जवळून उल्हास नदी वाहते. कल्याणहून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ सालीं खुला झाला, म्हणजे आगगाडी या मुलखानें फार लवकर पाहिली. मात्र वस्तीची खरी वाढ अलीकडची. कुळगांव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दींत २००१ च्या शिरगणतींत एक लाखाहून कमी माणसें होतीं, तीं २०११ मध्यें पावणेदोन लाखांजवळ गेलीं. या वस्तींतले पुष्कळ लोक नोकरीसाठीं रोज मुंबईकडे जातात. पहांटेची गाडी धरून रात्रीं परतणाऱ्या माणसास आपलें घर आठवड्यांतील सहा दिवस दिव्याच्याच उजेडांत दिसतें. अशा ठिकाणीं घरांतील दिव्यांचा विचार हा केवळ शोभेचा विचार राहत नाहीं.

विजेपूर्वीच्या कोंकणपट्टींत दिव्याचें तेल जवळच्या झाडांतून येई. करंजाच्या बियांचें करंजेल आणि समुद्रकांठच्या बाजूस उंडीच्या फळांचें उंडेल हीं जाळण्याचीं तेलें. देवापुढच्या निरांजनास शक्य तर तूप. पणती, समई, लामणदिवा, दिवटी अशी दिव्यांचीं नांवें अनेक. पण सर्वांचें तत्त्व एकच, कीं तेल, वात व हात हीं तिन्ही हजर असल्यावांचून उजेड नाहीं. वात पुढें सारावयाची, काजळी झाडावयाची, तेल पाहावयाचें, वारा अडवावयाचा. हें काम घरांतील बायकांकडे असे, आणि तें इतकें नियमित चाले कीं त्यावरून दिवसाच्या एका वेळेसच 'दिवेलागण' हें नांव पडलें. दिवा विझला असें न म्हणतां तो शांत झाला असें म्हणण्याची रीत याच आपुलकींतून आली असावी. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. या दिव्यांत प्रत्येक ज्योत स्वतंत्र होती. देवळापुढील दीपमाळेवर त्रिपुरी पौर्णिमेस शेंकडों पणत्या लागत. त्यांतील एखादी वाऱ्यानें गेली तर बाकीच्यांचें कांहीं बिघडत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खनिज तेल आलें. त्याचें आगमन आपल्या भाषेनें दोन शब्दांत जपून ठेविलें आहे : इंग्रजी 'रॉक ऑईल'चें रॉकेल झालें आणि 'गॅसलाईट'चें घासलेट. या तेलाबरोबर कंदील आला, चिमणी आली, आणि उजेडाची निगा बदलली. आतां कांच पुसणें व वात कातरणें हीं कामें आलीं. वाऱ्याची भीति गेली, पण तेल मात्र डब्यांतून, दूरच्या देशांतून, पैसे मोजून येऊं लागलें. ज्योत पेटविण्याचें साधनहि असेंच कारखान्यांत गेलें. बदलापूरच्या शेजारीं, कल्याणच्या बाजूस असलेल्या अंबरनाथ येथें आगपेट्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. १९२३ सालीं स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा तो. चुलींत विस्तव राखून ठेवण्याची गरज अशा कारखान्यांनीं घालविली.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ सालीं लागले. क्रॉफर्ड मार्केटांत विजेचा उजेड १८८२ सालीं पडला. पुढें टाटांच्या कंपनीनें घाटमाथ्यावरचें पावसाचें पाणी अडवून खोपोलीस वीज उत्पन्न केली (१९१५) व ती मुंबईच्या गिरण्यांस पुरविली. १९२९ सालीं कल्याणपासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग विजेचा झाला. तिची वीज ठाकुर्लीजवळच्या चोळा येथील वीजघरांतून येई. अशा रीतीनें विजेची गाडी या गांवांजवळून धांवूं लागली, तरी रुळांवरची तार व घरांतला दिवा यांची गांठ पडण्यास अवकाश होता. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें तें १९६० सालीं, आणि खेडोपाडीं तारा नेण्याचें काम त्यानंतर कित्येक वर्षें चाललें.

विजेच्या दिव्यानें निगेचा प्रश्न एका झटक्यांत घराबाहेर नेला. वात, तेल, काजळी हें सर्व वीजघरांत गेलें. घरीं राहिलें एक बटण. ही सोय अमोलिक होती यांत शंका नाहीं. पण तिच्याबरोबर एक गोष्ट गेली, ती म्हणजे उजेड कमीजास्त करण्याची मुभा. समईच्या वाती सणाला पांच व एरवीं एक लावीत. कंदिलाची वात निजतेवेळीं बारीक करीत. बटणाला मात्र दोनच गोष्टी कळतात.

गणपति व दिवाळी या सणांनीं ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. गणेशोत्सवास १८९३ पासून सार्वजनिक स्वरूप आलें आणि पुढें वीज मिळूं लागली तशी आरासहि विजेची झाली. घरोघरच्या मखरांसाठीं लहान दिव्यांच्या माळा बाजारांत आल्या. मुंबईंत लोहार चाळ ही या मालाची मोठी पेठ. जुन्या माळेची रचना सोपी होती : सहा-सहा व्होल्टांचे अडतीस-चाळीस दिवे एकापुढें एक जोडले कीं २३० व्होल्टांचा दाब सर्वांत वांटला जाई. बाजारांत तिला सिरीज म्हणत. परंतु या रचनेंत एक दिवा गेला कीं सारी माळ अंधारांत बुडे, आणि कोणता गेला हें शोधण्यासाठीं घरांतला एखादा मुलगा चांगला दिवा हातांत घेऊन एकेक खोबण तपाशीत बसे. दीपमाळेवर जें कधीं होत नसे तें विजेच्या माळेंत नित्य होऊं लागलें. हा दोष वाचकांनीं लक्षांत ठेवावा. तो पुढें निराळ्या वेषांत पुन्हा भेटणार आहे.

आतां एलईडीकडे वळूं. कांहीं स्फटिकांतून वीज नेली असतां ते तापल्यावांचून उजळतात हें इंग्रज संशोधक राऊंड यानें १९०७ सालींच नमूद केलें होतें. रशियांत लोसेव्ह यानें पुढील वीस वर्षांत त्याचा अभ्यास केला. डोळ्यांस दिसेल असा लाल दिवा अमेरिकेंत होलोन्याक यानें १९६२ सालीं केला. तांबडा झाला, हिरवा झाला, पण निळा कांहीं केल्या चांगला होईना; आणि निळ्यावांचून पांढरा नाहीं. हें कोडें जपानांतील आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांनीं सोडविलें, व त्याबद्दल त्यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या दिव्यावर पिवळसर चकाकणारा लेप दिला कीं पांढरा उजेड मिळतो. आपल्या घरांतला नऊ वॅटचा बल्ब असाच असतो. २०१५ च्या जानेवारींत सुरू झालेल्या उजाला योजनेनें हे बल्ब देशभर स्वस्त झाले. एका खोलीस पुरेल एवढा पांढरा उजेड मिळविण्याचा प्रश्न येथें सुटला असें म्हणावयास हरकत नाहीं.

मग पट्टी कशासाठीं? तर बटणानें काढून घेतलेली मुभा परत मिळविण्यासाठीं. बाजारांत जिला पिक्सेल पट्टी म्हणतात तिच्यावरील प्रत्येक दिव्याच्या पोटांत लाल, हिरवा व निळा असे तीन सूक्ष्म दिवे आणि त्यांवर हुकमत चालविणारी एक चिप असते. वर्ल्डसेमी या चिनी कंपनीची डब्ल्यूएस२८१२बी ही यांतील सर्वांत रुळलेली जात. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ छटा. हुकूम पोंचविण्याची रीत मात्र आपल्या पंगतीसारखी आहे. पंगतीच्या टोकाला पत्रावळींची चळत द्यावी, पहिल्यानें वरची एक आपल्यापुढें मांडून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवावी, त्यानेंहि तसेंच करावें. येथें पहिला दिवा पहिले २४ बिट स्वतः घेतो व उरलेले पुढें पाठवितो. कोणाच्याहि पत्रावळीवर नांव लिहिलेलें नसतें. ज्याची जागा जी, तीच त्याची ओळख. या सोप्या युक्तीमुळें शेंकडों दिव्यांस हुकूम देण्यास एकच तार पुरते. पण पंगतींतला पांचवा मनुष्य झोपीं गेला तर सहाव्यापासून कोणासहि पान मिळावयाचें नाहीं. जुन्या सिरीजचा दोष परत आला तो हा. फरक इतकाच कीं आतां विजेऐवजीं हुकूम अडतो, आणि अंधार साऱ्या माळेवर न पसरतां बिघाडाच्या पुढें पसरतो. शोधणेंहि सोपें झालें आहे : शेवटचा नीट चालणारा दिवा व त्याच्या पुढचा, या दोघांवरच संशय घ्यावयाचा.

निवडींतील पहिला प्रश्न दाटीचा. एका मीटरास ३०, ६० किंवा १४४ दिवे अशा पट्ट्या मिळतात. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोली घेतली तर छताखालून चारी भिंतींचा घेर ४४ फूट, म्हणजे सुमारें साडेतेरा मीटर भरतो. मीटरास ६० प्रमाणें आठशें दिवे झाले. पूर्ण पांढऱ्या रंगांत प्रत्येक दिवा सुमारें ६० मिलिअँपियर वीज घेतो; म्हणजे ५ व्होल्टांच्या पट्टीस ४८ अँपियर व २४० वॅट लागतील. नऊ वॅटच्या बल्बाशेजारीं हा आंकडा ठेवला म्हणजे खोली उजळण्याचें काम पट्टीवर टाकूं नये हें आपोआप कळतें. मंद रंगांत खर्च याच्या लहानशा अंशावर येतो, आणि तेंच तिचें खरें काम. १४४ ची दाटी मखर, आरसा, कपाट अशा हातभर जागीं शोभते; साऱ्या खोलीस ती लावणें व्यर्थ आहे. ठिपके दिसूं नयेत म्हणून पट्टी ॲल्युमिनियमच्या खोबणींत बसवून वर दुधी झांकण लावतात. दोन दिव्यांत जितकें अंतर, निदान तितकेंच दिव्यापासून झांकणाचें अंतर असावें. मीटरास ६० दिवे असतां हें अंतर सोळा-सतरा मिलिमीटर येतें, ३० असतां त्याच्या दुप्पट.

दुसरा प्रश्न दाबाचा, आणि आमच्या मतें तोच मुख्य. पट्टीवरील तांब्याचा थर पातळ असतो. लांब अंतरावर वीज नेतांना दाब घटत जातो. निळ्या व हिरव्या दिव्यांस तांबड्याहून अधिक दाब लागत असल्यामुळें ते प्रथम मंदावतात, आणि पांढरी मांडलेली पट्टी शेवटाकडे पिवळी, मग तांबूस होत जाते. ५ व्होल्टांच्या पांच मीटर रिळास निदान दोन्ही टोकांनीं वीज द्यावी लागते, पुष्कळदां मध्येंहि. १२ व्होल्टांच्या पट्टींत त्याच शक्तीसाठीं प्रवाह निम्म्याहून कमी लागतो, व तारेंतील नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यानें ती पुष्कळच उतरते. बाराच्या पट्टींतहि दोन जाती आहेत. डब्ल्यूएस२८११ च्या पट्टींत बहुधा तीन दिव्यांस मिळून एकच हुकूम जातो. दूरवरच्या रंगछटेस हें चालतें, बारीक नक्षीस चालत नाहीं. डब्ल्यूएस२८१५ मध्यें प्रत्येक दिवा स्वतंत्र असून हुकमाची एक राखीव तार असते. एक दिवा मेला तर पुढचा त्या राखीव तारेवरून हुकूम घेतो. लागोपाठचे दोन गेले तरच पंगत मोडते. दीपमाळेचा जुना गुण येथें थोडातरी परत आला असल्यामुळें भिंतींत कायम बसवावयाच्या कामास आम्ही हीच जात सुचवूं.

इतर जातींचे उपयोग विशिष्ट आहेत. एपीए१०२ मध्यें हुकमाबरोबर तालाची वेगळी तार असते व तिची उघडझांप फारच जलद असते. ज्यांस छायाचित्रें किंवा चलच्चित्रें घ्यावयाचीं आहेत त्यांनीं ती पाहावी, कारण सामान्य जातींची सेकंदास चारशें-साडेचारशें वेळां होणारी उघडझांप चित्रांत पट्ट्यापट्ट्यांनीं उमटूं शकते. एसके६८१२ मध्यें तीन रंगांखेरीज चौथा निराळा पांढरा दिवा मिळतो. तांबडा, हिरवा व निळा मिसळून होणारा पांढरा रंग भिंतीवर बरा दिसला तरी त्यांत माणसाचे चेहरे व ताटांतलें अन्न निस्तेज दिसतें. पट्टीच्याच उजेडांत जेवावयाचें असेल तर हा चौथा दिवा अवश्य घ्यावा.

तिसरा प्रश्न जागेचा व हवेचा. कोंकणच्या पावसाळ्यांत उघडें तांबें हिरवें पडावयास वेळ लागत नाहीं. घरांत कोरड्या भिंतीवर उघडी पट्टी चालते. गॅलरींत किंवा खिडकीबाहेर सिलिकोनच्या नळींतली, म्हणजे आयपी६७ खुणेची घ्यावी. मात्र नळींत उष्णता कोंडते, म्हणून तिचें तेज कमीच ठेवावें. वीज बदलून देणारी पेटी, जिला कारागीर एसएमपीएस म्हणतात, ती कोठें ठेवावी हा प्रश्न उल्हासेच्या कांठीं हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. २६ जुलै २००५ चा पूर येथील लोक विसरलेले नाहींत; २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून हजाराहून अधिक प्रवाशांस सोडवावें लागलें. तळमजल्यावरच्या घरांत ही पेटी सोफ्यामागें जमिनीलगत न ठेवतां छातीच्या वर, हवा खेळेल अशा जागीं, पडद्यापासून दूर बसवावी. हिशेबानें लागेल त्याहून पांचवा हिस्सा अधिक शक्तीची घ्यावी आणि प्रत्येक फांट्यास फ्यूज द्यावा. दिव्याखालीं अंधार ही म्हण येथें शब्दशः खरी आहे. पट्टीकडे सर्वांचें लक्ष असतें, पेटीकडे कोणाचें नसतें, आणि आग लागते ती बहुधा तिच्याकडे किंवा सैल जोडाकडे.

राहिला हुकूम देणाऱ्याचा प्रश्न. ईएसपी३२ सारखी चिप व डब्ल्यूएलईडी हें फुकट मिळणारें सॉफ्टवेअर यांच्या योगानें फोनवरून पट्टी चालवितां येते. एकंदर किती वीज ओढावी याची मर्यादाहि त्यांत घालतां येते. ही चिप ३.३ व्होल्टांनीं बोलते व ५ व्होल्टांच्या पट्टीस साडेतीनच्या आसपास ऐकूं येतें, म्हणून मध्यें दाब वाढविणारा लहान दुवा घालावा. पट्टी कारण नसतां लुकलुकते त्याचें मूळ पुष्कळदां येथेंच असतें. पण खरी अडचण निराळीच आहे. ज्या मुलानें हें सर्व जोडलें तो शिक्षणास किंवा नोकरीस बाहेरगांवीं गेला म्हणजे घरांतील वडील माणसांस त्या पट्टीचें काय करावें हें कळत नाहीं, आणि हजारों छटांची ती वस्तु कायमची बंद राहते. समईची निगा साऱ्या घराला येत असे; हिची एकालाच येते. म्हणून भिंतीवरचें साधें बटण दाबतांच पट्टी नेहमींच्या मंद पिवळसर उजेडांत लागावी अशी योजना पहिल्या दिवशींच करावी, आणि जोडणीचा कागद पेटीच्या झांकणाला आंतून चिकटवून ठेवावा.

सणापुरती पट्टी घेऊन नंतर टाकून देण्याची संवय वाढत आहे तिच्याबद्दलहि एक शब्द लिहिणें जरूर आहे. थर्मोकोलच्या मखरांवर राज्य सरकारनें २०१८ सालीं बंदी घातली ती कचऱ्याच्या भयानें. फेंकलेल्या पट्टींत तर तांबें, कथील, प्लास्टिक व चिपा हीं सर्व एकत्र असतात, व तीं वेगळीं करणें सोपें नाहीं. पिक्सेल पट्टी खुणेच्या जागीं कापतां येते व कथलाचा डाग देऊन पुन्हा जोडतां येते. मेलेला दिवा काढून त्या जागीं दुसरा बसविणें हें कोणाहि होतकरू मुलास एका दुपारीं शिकतां येण्यासारखें काम आहे.

तेव्हां बेलवलीतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरास आमची सूचना अशी. वाचनास व स्वयंपाकास साधे पांढरे दिवे असूं द्यावेत. पट्टी बाहेरच्या खोलींत, छताखालीं, १२ व्होल्टांची, राखीव तार असलेली, मीटरास ६० दिव्यांची, खोबणींत बसविलेली, पेटी उंचावर, बटण भिंतीवर. आणि खरेदी करतांना गरजेपेक्षां मीटरभर पट्टी जास्त घ्यावी. पुढल्या वर्षीं त्याच जातीची व त्याच छटेची पट्टी दुकानांत मिळेलच असें नाहीं. वातींची पुडी जशी देवघराच्या कोनाड्यांत असे, तसा तो मीटरभर तुकडा एका डब्यांत घालून, डब्यावर नांव लिहून, सर्वांस ठाऊक असलेल्या जागीं ठेवावा.